हिंसेने पोळलेल्या घराला वस्तीने आधार कसा द्यावा

कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड, आजरा आणि चंदगड या तालुक्यांच्या डोंगरमाथ्यांवर विखुरलेले धनगरवाडे, बाजारपेठेच्या गावांच्या कडेला वसलेल्या भटक्या-विमुक्तांच्या वस्त्या आणि ऊसतोडीसाठी किंवा वीटभट्टीवर हंगामापुरती येणारी आदिवासी कुटुंबे यांच्यातील एखाद्या बाईचा खून झाला, तिच्यावर अत्याचार झाला किंवा ती बेपत्ता झाली, तर सुरुवातीला घर माणसांनी भरलेले असते. पै-पाहुणे येतात, भावकी बसते, शेजारणी कडू घास घेऊन येतात. तेराव्यानंतर अंगण रिकामे होते आणि घरच्यांची खरी परवड तेव्हा सुरू होते. पोलीस ठाण्याच्या फेऱ्या, कोर्टाच्या तारखा, आईविना राहिलेली मुले, झोप उडालेली म्हातारी माणसे आणि पाणवठ्यावरची कुजबुज हे सगळे त्या घराने एकट्याने सोसावे, असे होऊ नये, यासाठी वस्तीने काय करावे, हे येथे मांडले आहे.

या कुटुंबांची अडचण इतरांपेक्षा वेगळी का, हे आधी समजून घेतले पाहिजे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1918 साली अशा जमातींना नियमित हजेरी द्यायला लावणारी जाचक पद्धत बंद केली, आणि देशात हा कायदा 1952 साली रद्द झाला. तरीही पोलीस ठाण्याची पायरी चढताना पाय अडखळणे अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे, त्यामुळे त्यांचे दुःख मोजदादीतही सहज हरवते. कॅनडात मूळनिवासी स्त्रियांच्या हत्या आणि बेपत्ता होण्याच्या घटनांची राष्ट्रीय चौकशी 2016 ते 2019 या काळात झाली. तिच्यापुढे 2,380 हून अधिक लोकांनी आपले म्हणणे मांडले आणि अंतिम अहवालात न्यायासाठी 231 मागण्या नोंदवल्या गेल्या. या सुनावण्यांत साक्ष देणाऱ्या घरच्यांच्या शेजारी त्यांच्या समाजातील वडीलधारी माणसे बसत आणि त्यांचे विधी व प्रार्थना यांना कामकाजातच जागा असे. आपल्या वस्त्यांनी तिथून घेण्यासारखी गोष्ट हीच आहे: दुःख हलके करण्याचे काम आणि न्याय मागण्याचे काम एकाच वेळी, एकाच माणसांच्या सोबतीने चालले पाहिजे.

पहिले काही दिवस

बाई बेपत्ता झाली असेल तर तक्रार त्याच दिवशी द्यावी. चोवीस तास थांबावे लागते, असा कोणताही नियम नाही. मुलगी अठरा वर्षांखालील असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या आदेशानुसार पोलिसांनी अपहरणाचा गुन्हा समजूनच नोंद करणे अपेक्षित आहे. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्द कोणतीही असली, तरी दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. ऊसतोडणीच्या हंगामात दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबाला हे माहीत असणे फार गरजेचे असते, कारण टोळी पुढच्या फडावर निघून गेली की फिर्याद मागे राहते.

विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला असेल, तर माहेरचे लोक पोहोचण्याआधी अंत्यविधी उरकू देऊ नये. लग्नाला सात वर्षे झालेली नसतील, तर अशा मृत्यूची चौकशी कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडून व्हावी लागते आणि शवविच्छेदनही होते. धनगरवाड्यावरून माणसे डोंगर उतरून यायला वेळ लागतो, पावसाळ्यात तर दिवस मोडतो. म्हणून गावातील पोलीस पाटलांना आणि ठाण्याला 'माहेरची माणसे वाटेत आहेत' असे फोनवर सांगून ठेवणे, हे शेजाऱ्यांनी करण्याचे पहिले काम आहे. तातडीच्या मदतीसाठी 112 आणि महिलांसाठी 181 हे क्रमांक आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये वैद्यकीय, कायदेशीर आणि पोलिसी मदत एका छताखाली मिळते, तसेच पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवाराही मिळतो. अत्याचार झालेल्या बाईवर सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने विनामूल्य उपचार करणे बंधनकारक आहे. कोल्हापुरात बहुतेकांना सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा रस्ता माहीत असतो, पण जवळच्या खासगी दवाखान्यानेही आधी फिर्यादीची अट घालून तिला परत पाठवता कामा नये.

सोबतीची माणसे निवडणे

सगळ्या वस्तीने मदत करायची म्हटले की शेवटी कुणीच करत नाही. म्हणून चार-पाच जणांची छोटी मंडळी ठरवावी. तिच्यात किमान दोन स्त्रिया असाव्यात, त्यांतली एक त्या घराच्या विश्वासातील असावी, मग ती मामी असो, आक्का असो की शेजारची वहिनी. एक जण लिहिता-वाचता येणारा आणि कोर्ट-कचेरीला जायला तयार असलेला हवा. आशाताई किंवा अंगणवाडी सेविका तयार असतील तर उत्तमच, कारण त्यांचे घरात जाणे-येणे कुणाच्या डोळ्यावर येत नाही. आरोपीच्या भावकीतील किंवा त्याच्याशी देणे-घेणे असलेला माणूस या मंडळीत अजिबात नसावा. हे लहान वाड्यात अवघड जाते, कारण तिथे सगळेच एकमेकांचे पाहुणे असतात. अशा वेळी शेजारच्या वाड्यावरून माणूस आणणे हाच मार्ग उरतो.

ही मंडळी निर्णय घेण्यासाठी नसते. फिर्याद कोणी द्यायची, वकील कोण करायचा, मुले कोणाकडे राहायची, पत्रकाराशी बोलायचे की नाही, हे घरचेच ठरवतील, आणि अत्याचार सोसलेली बाई हयात असेल तर तिचा शब्द शेवटचा असेल. मदत करणारा माणूस हळूहळू त्या घराचा कारभारीच होऊन बसतो, असे मी वारंवार पाहिले आहे, आणि आपल्या आयुष्यावरचा ताबा आधीच गमावून बसलेल्या बाईला ते दुसऱ्यांदा लुटल्यासारखे वाटते.

मंडळीने पहिल्याच आठवड्यात कागदांची पिशवी करावी. अशा घरांत बहुतेक वेळा फिर्यादीची घडी पडलेली प्रत, शवविच्छेदनाचा अहवाल, लग्नातला एकुलता एक फोटो आणि रेशनकार्ड हे सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत खुंटीला टांगलेले असते, आणि कोर्टाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली असते. पाऊस लागला की छपरातून गळणाऱ्या पाण्याने शाई पसरते. प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स काढून एक संच मंडळीतील कुणाकडे ठेवावा आणि तारखा एका वहीत उतरवाव्यात. तपासात काय प्रगती झाली, हे पोलिसांनी 90 दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचे असते. ते कळवले गेले नाही, तर विचारायला त्याच वहीतील नोंद उपयोगी पडते.

हक्काची मदत

कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला या प्रकारांत राज्याची मनोधैर्य योजना लागू होते आणि तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत चालतो. खुनाच्या प्रकरणात मागे राहिलेल्या घरच्यांना पीडित भरपाई योजनेखाली अर्ज करता येतो. अनुसूचित जमातीच्या कुटुंबावर बिगर-दलित, बिगर-आदिवासी व्यक्तीने अत्याचार केला असेल, तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागतो आणि त्यानुसार टप्प्याटप्प्याने आर्थिक साहाय्य मिळते. मात्र महाराष्ट्रात धनगर समाज भटक्या जमाती (क) प्रवर्गात असल्यामुळे आणि अनेक विमुक्त जमाती वेगळ्या प्रवर्गात असल्यामुळे त्यांना हा कायदा लागू होत नाही. ही उणीव मला अन्यायाची वाटते, पण घरच्यांना खोटी आशा लावण्यापेक्षा ती आधीच सांगितलेली बरी. जातीचा दाखला नसेल, तर तो काढण्याचे काम त्याच दिवशी सुरू करावे.

ऐकणे

बारा दिवस सांत्वनाला येणारा प्रत्येक जण तोच प्रश्न विचारतो: झाले तरी कसे? आईला तीच कहाणी दिवसातून दहा वेळा सांगावी लागते. मंडळीतील एका बाईने दारात बसून येणाऱ्यांना थोडक्यात सांगावे आणि आत पाठवताना 'तिला विचारू नका, नुसते बसा' असे बजावावे. 'लेकीचे नशीबच तसे', 'तिने सोसायला हवे होते', 'तेव्हाच घेऊन आला असता तर' ही वाक्ये कितीही मायेने म्हटली, तरी ती त्या घरावर दोष टाकतात. त्याऐवजी जनावरांचे शेण काढावे, म्हशीची धार काढून दूध डेअरीला पोहोचते करावे, चुलीसाठी फाटी आणून टाकावीत. हात कामाला लागले की शेजारी बसलेली आई आपोआप बोलू लागते.

धनगरवाड्यांवरच्या म्हाताऱ्या बायकांकडे ओव्यांचा जो साठा आहे, तो या कामी फार मोलाचा आहे. जात्यावर, भात लावताना, मुलाला झोपवताना या बायका सासुरवास, माहेराची ओढ आणि गेलेल्या लेकीची आठवण गातात, आणि समुपदेशकासमोर शब्द न फुटणारी आई ओवीत आपले दुःख मोकळे करू शकते. मात्र गाणे सांगून-सवरून, लोक जमवून म्हणायला लावू नये, आणि त्याचे मोबाइलवर चित्रीकरण तर करूच नये. बिरोबाच्या देवळात दिवा लावावासा वाटला, नवस फेडावासा वाटला, तर त्यात सोबत जावे. अंगात आल्यावर 'ही बाहेरची बाधा होती' असे सांगून खऱ्या गुन्हेगाराला मोकळे सोडणारा देवऋषी मात्र दूर ठेवावा. झोप येत नसेल, जेवण तुटले असेल, जीव नकोसा झाल्याची भाषा असेल, तर थांबू नये. टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर मराठीत आणि विनाशुल्क बोलता येते, आणि डोंगरावर रेंज नसेल तर रेंज येते त्या टेकाडापर्यंत सोबत जाऊन फोन लावून द्यावा.

पीडितेचे नाव आणि फोटो यांबाबत काटेकोर राहिले पाहिजे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तिची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, आणि ती मरण पावलेली असली तरी हे बंधन सुटत नाही. भावनेच्या भरात स्टेटसला लावलेला फोटोही यात येतो.

मुले

घरात मुले असतील तर त्यांच्याशी खरे बोलावे, वयाला झेपेल एवढेच, पण खरे. 'आई गावाला गेली' असे सांगितलेले मूल शाळेत दुसऱ्याच्या तोंडून सत्य ऐकते आणि नंतर कुणावरच विश्वास ठेवत नाही. शिक्षकांना आधी भेटून वर्गात कुणी चिडवणार नाही याची काळजी घ्यायला सांगावे. वडीलच आरोपी असतील, तर ताबा कोणाकडे हा प्रश्न भावकीच्या बैठकीत सोडवण्याऐवजी बालकल्याण समितीसमोर न्यावा, आणि बालसंगोपन योजनेचा अर्ज त्याच वेळी करावा. मुलांसाठी 1098 हा क्रमांक आहे. मोठ्या मुलीकडे लगेच चूल आणि धाकटी भावंडे सोपवून तिची शाळा सोडवली जाते, आणि पुढे 'जबाबदारी नको' म्हणून तिचे लग्न लवकर उरकले जाते. मंडळीने सगळ्यात डोळसपणे लक्ष ठेवायची जागा हीच आहे.

मिटवामिटवीचा दबाव

हा दबाव येतोच, आणि बहुधा महिन्याभरातच येतो. पंच बसतात, रक्कम ठरते, 'दोन्ही घरांचे भले' अशी भाषा होते. खून आणि बलात्कार यांसारखे गुन्हे तडजोडीने मिटत नाहीत, आणि तंटामुक्त समितीलाही ते मिटवण्याचा अधिकार नाही. फिर्याद मागे घेतली नाही म्हणून जातपंचायतीने वाळीत टाकले, तर 2017 पासून अमलात असलेल्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली तो गुन्हा ठरतो आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. 'घरातली गोष्ट घरात' असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना शांतपणे सांगावे की याच कोल्हापूर संस्थानात 1919 साली स्त्रियांना क्रूरतेने वागवण्यास बंदी करणारा कायदा झाला होता. ज्यांना कायद्याची भाषा परकी वाटते, त्यांच्यापैकी अनेकांना शाहू महाराजांचे नाव परके वाटत नाही.

एकट्या घराने दबावाला तोंड देण्यापेक्षा ग्रामसभेचा ठराव जास्त उपयोगी पडतो. शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. 'या गावात स्त्रीवरील हिंसेच्या प्रकरणात कोणीही तडजोडीची बैठक घेणार नाही आणि साक्षीदाराला गाव संरक्षण देईल' असा ठराव कोणतीही ग्रामसभा करू शकते. वाडा मूळ गावापासून दूर असेल, तर ग्रामसभेची तारीख आधी विचारून घ्यावी आणि वाड्यावरच्या बायकांना जीपने एकत्र न्यावे, कारण त्या हजर नसताना झालेला ठराव कागदावरच राहतो.

पुढचे वर्ष

तेराव्यानंतर मंडळीने भेटीचे वार वाटून घ्यावेत. पहिले तीन महिने आठवड्यातून एकदा, नंतर पंधरा दिवसांनी, आणि दिवाळी, पंचमी, लेकीचा जन्मदिवस, कोर्टात साक्ष असलेला दिवस यांच्या आदल्या संध्याकाळी न चुकता जावे. पंचमीला माहेरी येणारी लेक नसते, तेव्हा आईचा जीव कासावीस होतो. त्या दिवशी दुसऱ्या कुणाची तरी लेक तिच्या घरी जेवायला जाईल, अशी व्यवस्था आठवडाभर आधी करावी. साक्षीच्या दिवशी एक जण कोर्टात आणि एक जण घरी गुरे व मुले बघायला, अशी विभागणी ठेवावी, आणि उलटतपासणीत काय विचारतील हे वकिलाकडून साक्षीदाराला आधी समजावून घ्यावे, म्हणजे चारित्र्यावरचा प्रश्न अचानक अंगावर येत नाही. खटले वर्षानुवर्षे चालतात, आणि सोबतीची माणसेही थकतात, कामाला परगावी जातात. म्हणून वर्षश्राद्धानंतर घरच्यांना विचारावे की कुणी यायचे, किती वेळा यायचे, आणि जो थांबणार असेल त्याने तारखांची वही नव्या माणसाच्या हाती देऊन, त्याला वकिलाकडे आणि ठाण्यात स्वतः घेऊन जाऊन ओळख करून द्यावी.