पाळलेल्या सरड्याची हद्द आणि शीची जागा कशी ओळखावी, सवय कशी लावावी

संध्याकाळी व्हरांड्यातली ट्यूब लावली की आमच्या फोंड्याच्या घरातली पाल ठरल्या जागी येऊन बसते. दुसरी पाल जवळ सरकली की चुकचुकते आणि तिला पिटाळते. सकाळी केर काढताना तिच्या काळ्या लेंड्या, टोकाला पांढरा ठिपका असलेल्या, रोज त्याच फोटोखाली सापडतात. इग्वाना (मोठा हिरवा सरडा) किंवा लेपर्ड गेको (ठिपक्यांची पाल) पाळायचा असेल, तर आधी आठवडाभर ही पाल नीट बघा. आपली जागा राखणं आणि ठरल्या ठिकाणी शी करणं, या दोन्ही गोष्टी यातल्या बऱ्याच प्राण्यांच्या अंगातच असतात. आपण त्यांना नवीन काही शिकवत नाही, त्यांनी निवडलेली जागा ओळखून तिथे भांडं ठेवतो.

म्हणून पहिले दोन आठवडे काहीच बदलू नका. एक वही घ्या आणि शी कुठे झाली, किती वाजता झाली, दिसायला कशी होती एवढं लिहा. लेपर्ड गेको बहुधा आपल्या बिळापासून लांबचा कोपरा धरतो. इग्वानाला पाणी आवडतं, तो बहुधा पाण्यातच मोकळा होतो. आमचा इग्वाना पाचू सकाळी दिव्याखाली अंग शेकून झालं की तासाभरात पाण्यात उतरायचा. हे वहीत सलग दिसल्यावरच आम्ही ट्रे आणला.

ट्रे त्याच जागेवर ठेवायचा. गेकोसाठी उथळ झाकण आणि त्यात टिश्यू पेपर पुरे. जुन्या लेंडीचा एखादा तुकडा पहिले काही दिवस त्यात राहू द्या, वासाने त्याला जागा कळते. इग्वानासाठी तो अंग सहज वळवू शकेल एवढा रुंद टब घ्या, कोमट पाणी भरा आणि शी झाली की लगेच बदला. पिण्याचं पाणी वेगळं ठेवा.

आता हद्दीचं. मे महिन्यात कुंपणावर लाल गळ्याचा सरडा जोर काढताना आपण सगळ्यांनी पाहिलाय. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ म्हणतो ना, ते कुंपण म्हणजे त्याची हद्द. इग्वाना डोकं वरखाली हलवतो, गळ्याखालची झालर ताणतो, अंग चपटं करून आडवा उभा राहतो. पुढची पायरी शेपटीचा फटका. लेपर्ड गेको शेपूट उंच करून सावकाश डुलवतो, तोही इशाराच. अशा वेळी वरून हात घालू नका, थांबा. नर इग्वानाच्या मांड्यांखाली बारीक छिद्रांची रांग असते. त्यातून मेणासारखा स्राव येतो आणि तो फांद्यांना घासून नर आपली खूण ठेवतो. दोन नर एका पेटीत कधीच ठेवू नयेत. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसून नर चवताळत असेल तर त्या बाजूला आतून कागद लावा.

ही खूण लक्षात ठेवूनच साफसफाई करा. शी रोज उचला, पण सगळ्या फांद्या एकाच दिवशी घासू नका, निम्म्या आज आणि निम्म्या पुढच्या आठवड्यात. फिनेल अजिबात वापरू नका, ते या प्राण्यांना विषारी ठरतं. साबण आणि गरम पाणी वापरून खळखळून धुवा.

मागच्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमची चूक झाली. माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं बांधायची चौकट) बांधायला जागा हवी म्हणून पाचूची पेटी हॉलमधून आतल्या खोलीत नेली, टबही दुसऱ्या बाजूला ठेवला. चार दिवस त्याने शी केली नाही. पाचव्या दिवशी बाहेर काढला तर सरळ हॉलच्या त्या रिकाम्या कोपऱ्यात गेला, थोडा वेळ थांबला आणि तिथेच मोकळा झाला. फार वाईट वाटलं. तो हट्ट करत नव्हता, त्याची जागा आम्ही हलवली होती.

शी वाचायलाही शिका. काळपट भाग म्हणजे विष्ठा, पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल, पाणी वाचवण्याची त्यांची रीत. पांढरा भाग पिवळट-नारिंगी आणि कडक झाला तर पाणी कमी पडतंय. इग्वानाच्या काचेवर दिसणारे पांढरे डाग मात्र शीचे नसतात, तो नाकावाटे मीठ शिंकरतो. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते, दिवा विझतो आणि ऊब नसली की अन्न पचत नाही. शी लांबली तर आधी तापमान तपासा. शेकायची जागा इग्वानाला ३५ अंशांच्या आसपास, गेकोला ३२ च्या. आठवडाभर काही नाही आणि पोट फुगलंय, किंवा शी पातळ आणि उग्र वासाची आहे, तर ताजा नमुना घेऊन पशुवैद्याकडे जा.

यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. ट्रे स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नये, हात साबणाने धुवावेत, पाच वर्षांखालच्या मुलांना लांब ठेवावं.

कुंपणावरचा सरडा किंवा रानातली घोरपड पकडून आणू नका. घोरपडीला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. हिरवा इग्वाना पाळलात तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. ही नोंदणी कशी करायची ते पेटी घरात येण्याआधीच समजून घ्या.