बीज सोडण्याआधी टॉर्च मारून बघा

कोळंबीचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, तळ्यात सोडलं की पहिले काही दिवस ते मुख्यतः प्राणीप्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक प्राण्यांवर वाढतं. पाणी हिरवं दिसतं म्हणजे प्राणीप्लवक आहेतच असं नाही. हिरवा रंग शेवाळाचा.

१. अंधार पडल्यावर टॉर्च काठालगतच्या पाण्यावर पाच-दहा मिनिटं धरा. प्लवक उजेडाकडे गोळा होतात.
२. तिथलं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडासमोर धरा. झटके देत पळणारे पांढरट ठिपके दिसले की खाद्य तयार आहे.
३. दिसले नाहीत तर घाई नको. भाताचा कोंडा, गूळ, यीस्ट एक-दोन दिवस भिजवून आंबवा, गाळून पाणी थोडं थोडं सोडा.

प्लवक वाढवायला शेजारच्या तळ्यातलं पाणी मात्र अजिबात आणू नका. कोळंबीच्या कवचावर पांढरे ठिपके पाडणारा रोग त्यातून येऊ शकतो.