मॅग्नेटो चेकला इंजिन थरथरलं: माझा अनुभव

न्यू जर्सीत मी भाड्याचं सेस्ना १७२एस उडवतो. परवा रनअपला, म्हणजे टेकऑफआधीच्या इंजिन तपासणीत, १८०० आरपीएमवर चावी उजव्या मॅग्नेटोवर नेली (मॅग्नेटो म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारं यंत्र; इंजिनाला असे दोन असतात), तर आरपीएम २०० ने पडले आणि अख्खं विमान थरथरायला लागलं. मॅन्युअलप्रमाणे घट १५० च्या आत हवी. मागच्या सीटवर मुलगा खुशीत बसलेला. माझ्या पोटात गोळाच आला.

असं झालं की बहुतेक वेळा दोष स्पार्क प्लगचा असतो. नावात ‘लो लेड’ असलं तरी १००एलएल या विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसं भरपूर असतं. टेकऑफच्या रांगेत वीस मिनिटं मी मिक्श्चर (पेट्रोल-हवेचं मिश्रण) पूर्ण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, ठेवलं होतं, चूक तिथेच झाली. कमी आरपीएमवर प्लग पुरेसे तापत नाहीत, त्यांच्यावर शिसं साचतं आणि ठिणगी नीट पडत नाही.

चावी ‘बोथ’वर, म्हणजे दोन्ही मॅग्नेटोंवर, आणली. ब्रेक घट्ट दाबून २००० आरपीएम केले आणि मिक्श्चरचा लाल नॉब हळूहळू बाहेर ओढला, म्हणजे पेट्रोल कमी केलं. आरपीएम जरा चढले, मग इंजिन अडखळलं, तिथून नॉब किंचित आत. मिनिटभर तसंच ठेवलं. परत रिच करून चेक केलं तर घट ९०, थरथर गायब! दुसऱ्या प्रयत्नातही सुधारलं नसतं, तर सरळ हँगरला परतलो असतो. यात तडजोड नाही.

नंतर मेकॅनिकने खालचे प्लग काढून दाखवले. टोकाशी राजगिऱ्याएवढे राखाडी मणी चिकटलेले होते.

आता जमिनीवर नॉब चांगलाच बाहेर ठेवतो, इतका की विसरून थ्रॉटल दिला तर इंजिन तिथेच गुदमरेल.