केरी स्लग बघायचाय? आधी नकाशा, मग टॉर्च

आयर्लंडमधले आपले लोक वीकेंडला किलार्नीला जातात, तलाव बघतात, फोटो काढतात आणि परत येतात. तिथल्याच जुन्या ओकच्या खोडांवर केरी स्लग राहतो, म्हणजे बिनशंखाची गोगलगाय, आणि हसू नका, तिला युरोपियन कायद्याचं संरक्षण आहे. बघायचा असेल तर असं करा.

१) आधी नकाशा उघडा. आयर्लंडमधल्या प्राणी-वनस्पतींच्या नोंदी ठेवणाऱ्या नॅशनल बायोडायव्हर्सिटी डेटा सेंटरच्या साइटवर तो कुठे कुठे दिसला याच्या नोंदी दिसतात. ठिपके मुख्यतः आयर्लंडच्या नैऋत्येला, केरी आणि वेस्ट कॉर्कमध्ये, आणि त्यानंतर हा प्राणी सापडतो तो थेट समुद्रापलीकडे, स्पेनच्या वायव्य भागात आणि उत्तर पोर्तुगालमध्ये, मधल्या ब्रिटनमध्ये नाहीच. पण ठिपका नाही म्हणजे स्लग नाही असं धरून चालू नका. 2010 साली तो पश्चिमेकडच्या गॉलवे काउंटीमध्ये निघाला, तोही लावलेल्या सूचिपर्णी झाडांच्या जंगलात, जिथे कोणी शोधतच नव्हतं.

२) मग स्टेटस बघा, इथे लोक हमखास गोंधळतात. कुठला प्राणी किती धोक्यात आहे हे ठरवणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेच्या यादीत तो ‘लीस्ट कन्सर्न’ आहे, म्हणजे जगातून लगेच नाहीसा होण्याची भीती नाही, एवढंच. हॅबिटॅट्स डायरेक्टिव्हमध्ये, म्हणजे वर म्हटलेल्या युरोपियन कायद्यात, मात्र तो परिशिष्ट 2 आणि 4 दोन्हीत आहे. 2 मुळे त्याच्यासाठी जागा राखून ठेवाव्या लागतात, कॉर्कमधलं ग्लेनगॅरिफचं जंगल त्यातलंच, आणि 4 मुळे त्याला पकडणं, मुद्दाम त्रास देणं बेकायदा, त्यासाठी लायसन्स लागतं. बघायला आणि फोटो काढायला कोणी अडवत नाही.

३) पाऊस पडत असताना किंवा रात्री जा. आंबोलीला पावसाळ्यात रात्री बेडूक बघायला जातात ना, तसंच. ऊन असेल तर तो फटीत, शेवाळाखाली दडलेला असतो आणि तुम्ही नुसतेच फिरून येता. टॉर्च खोडावर खालून वर हळूहळू फिरवा, दगडफूल आणि शेवाळ असेल तिथे थांबा, कारण तेच त्याचं जेवण.

४) ओळख सोपी आहे. जंगलातला तपकिरी, अंगभर पिवळे ठिपके. मोकळ्या खडकांवरचा काळपट, ठिपके पांढरे. मोठा झालेला सात-आठ सेंटीमीटर. धक्का लागला की अंगाचा गोळा करून घेतो, हे दुसरे स्लग करत नाहीत, पण खात्री करायला म्हणून तुम्ही बोट लावू नका, वरचा परिशिष्ट 4 चा मुद्दा आठवा.

५) सापडला तर फोटो, तारीख, झाड की खडक, आणि मोबाइलवरचं नेमकं लोकेशन टाकून त्याच साइटवर नोंद करा. नुसतं ‘किलार्नी’ लिहिलंत तर नकाशावर ठिपका नक्की कुठे टाकायचा ते कोणालाच कळणार नाही.