जमिनीखालचं प्लायवुड निवडताना काय बघायचं

लाकडी जमीन, लॅमिनेट किंवा व्हिनाइल बसवायचं ठरलं की सगळं डोकं वरच्या थराच्या रंगात अडकतं. खालच्या प्लायवुडची खरेदी मात्र 'अठरा एमएम द्या, चांगलं द्या' एवढ्यावर उरकते. मग वर्षभरात कुठे पाऊल टाकलं की करकर होते, कुठे सांधा वर उचललेला जाणवतो, खुर्चीच्या पायाखाली खळगा पडतो. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ खालच्या थरात असतं.

दुकानात प्लायवुड विकलं जातं ते चेहऱ्यावर: गुळगुळीत, एकसारखा रंग, गाठ नाही. कपाटासाठी ते ठीक. जमिनीखाली जाणाऱ्या शीटचा चेहरा बसवल्यानंतर कुणालाच दिसणार नाही, त्यामुळे इथं क्रम उलटा लावायचा. आधी आधारांमधलं अंतर, त्यावरून जाडी, मग गोंद, मग आतला गाभा, आणि चेहरा सगळ्यात शेवटी.

अंतरावरून जाडी

खाली लाकडी कड्या, म्हणजे जॉइस्ट असतील तर एका कडीच्या मध्यापासून पुढच्या कडीच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. एकाच ठिकाणी मोजून थांबू नका. जुन्या बांधकामात दोन-तीन इंचांचा फरक सहज निघतो आणि हिशेब सगळ्यात मोठ्या अंतराचाच धरावा लागतो.

अंतर 16 इंच, म्हणजे साधारण 400 मिमी असेल तर 18 मिमी घ्या. 15-16 मिमीवरही काम भागतं, पण चालताना जमीन किंचित लवचिक लागते, आणि वाचलेले पैसे त्या मानाने फार नसतात. अंतर 24 इंच, म्हणजे 600 मिमी असेल तर 18 मिमी हे किमान, तेही खाच-जीभ असलेल्या कडांचं, म्हणजे एका शीटच्या कडेची जीभ शेजारच्या शीटच्या खाचेत बसते असं. 22 किंवा 25 मिमी मिळालं तर तेच घ्यावं. अंतर त्याहून जास्त असेल तर प्लाय जाड करत बसू नका, मध्ये आणखी कड्या टाका.

जाडीत एवढा काटेकोरपणा का, ते आकड्यांतच दिसतं. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 18 मिमी ही 12 मिमीच्या दीडपट, पण ताठपणा 1.5 × 1.5 × 1.5, म्हणजे सुमारे 3.4 पट. अंतराच्या बाबतीत हेच उलट फिरतं: 16 इंचांऐवजी 24 इंच केलं की दोन कड्यांच्या मधोमध उभ्या माणसाच्या वजनाने प्लाय तितक्याच पटीने जास्त वाकतं. '18 नाही, 9-9 ची दोन टाकू' हा सल्लाही इथेच उघडा पडतो. न चिकटवता एकावर एक ठेवलेल्या दोन 9 मिमी शीट मिळून एका 18 मिमीच्या चौथा हिस्साच ताठ असतात, कारण वाकताना त्या एकमेकींवरून सरकतात.

वर फरशी बसणार असेल तर कड्यांचाही हिशेब तपासावा लागतो. सिरॅमिक फरशीसाठी कडीचा बाक तिच्या लांबीच्या 360 व्या भागापेक्षा कमी हवा, नैसर्गिक दगडासाठी 720 व्या भागापेक्षा. 3.6 मीटर लांबीच्या कडीला याचा अर्थ अनुक्रमे 10 मिमी आणि 5 मिमी. कडीच वाकत असेल तर प्लाय कितीही जाड टाका, फरशांच्या सांध्यात भरलेला मसाला, म्हणजे ग्राउट, तडकणारच.

'वॉटरप्रूफ' शब्दाचा खरा अर्थ

शीटवरचा एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट), बीडब्ल्यूआर (बॉयलिंग वॉटर रेझिस्टंट), बीडब्ल्यूपी (बॉयलिंग वॉटर प्रूफ) हा शिक्का आतल्या गोंदाबद्दल बोलतो, लाकडाबद्दल नाही. एमआर ओलसर हवा सोसतं, पाणी नाही. त्यात सहसा युरिया फॉर्माल्डिहाइड गोंद असतो. बीडब्ल्यूआर आणि बीडब्ल्यूपीमध्ये फिनॉल फॉर्माल्डिहाइड गोंद असतो, तो उकळत्या पाण्यातही सुटत नाही. आयएस 710 या मानकातल्या मरीन प्लायची तर 72 तास उकळून परीक्षा होते. अमेरिकी शिक्क्यावर 'एक्स्पोजर 1' आणि युरोपीय मानकात दमट जागेसाठीचा वर्ग 2 दिसला, तर जमिनीखालच्या कामाला तो योग्य समजा.

कायम कोरड्या राहणाऱ्या खोलीत एमआर तग धरतं. तरीही जमिनीखाली बीडब्ल्यूआरच घ्यावं, असं आमचं ठाम मत आहे. कपाटाची फळी फुगली तर बदलता येते. जमिनीखालची बदलायची तर वरचं सगळं उखडावं लागतं. आणि पाणी नळातूनच येतं असं नाही, पुसलेल्या फरशीचं आणि खिडकीतून आलेलंही मुरतं. स्वयंपाकघर, बाथरूमची बाहेरची बाजू, वॉशिंग मशीनची जागा इथं बीडब्ल्यूपी घ्या.

गोंद टिकला म्हणून लाकूड पाणी पिणार नाही असं मात्र नाही. मरीन प्लायही कापलेल्या कडेतून पाणी ओढतं आणि सतत ओलं राहिलं तर कुजतं. ओल्या जागेत प्रत्येक कापलेली कड, पाइपसाठी पाडलेल्या भोकाची आतली बाजूसुद्धा, प्रायमर किंवा एपॉक्सीने बंद करा. वाळवीचा धोका असेल तर त्यासाठी प्रक्रिया केलेलं प्लाय वेगळं मागावं लागतं. गोंदाच्या शिक्क्यात ते येत नाही.

फॉर्माल्डिहाइडच्या वासाची काळजी असेल तर ई1 (कमी उत्सर्जनाचा युरोपीय वर्ग) किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा शिक्का बघा. बंद खोलीत एवढ्या मोठ्या क्षेत्रफळाचं प्लाय येणार असतं, तेव्हा ही चैन नव्हे.

कड वाचायला शिका

शीट उभी करून तिच्या चारही कडा उजेडात बघा. गाभ्याची परीक्षा इथंच होते.

18 मिमीच्या शीटमध्ये किती थर आहेत ते मोजा. पाच जाड थरांपेक्षा नऊ किंवा अधिक पातळ थर चांगले, कारण प्रत्येक थरातल्या लाकडाच्या तंतूंच्या रेषा शेजारच्या थराला काटकोनात असतात आणि थर वाढले की दोन्ही दिशांचं बळ सारखं होत जातं. मग थरांमधल्या काळ्या फटी शोधा. नखाचं टोक आत जाईल अशी फट म्हणजे आतल्या थराचे दोन तुकडे जुळवलेलेच नाहीत, आणि अशी पोकळी आत कुठवर गेली आहे ते बाहेरून कळत नाही. उलट काही ठिकाणी दोन तुकडे एकमेकांवर चढलेले असतात. तिथं थराची रेघ वर उचललेली दिसते आणि वरच्या पृष्ठभागावर बोटाला हलका उंचवटा लागतो. कडेला पुट्टी भरून रंग मारलेला असेल तर एक तुकडा कापून दाखवायला सांगा. नकार मिळाला तर तिथून शीट घेऊ नका.

पोकळीचं एवढं का वाटून घ्यायचं? जड कपाटाचा अरुंद पाय किंवा चाक बरोबर पोकळीवर आलं तर वरचा एक-दीड मिमीचा थर आत दबतो. वर पातळ व्हिनाइल असेल तर तो खळगा जसाच्या तसा उमटतो. स्क्रू पोकळीत गेला तर त्याला पकडच मिळत नाही, आणि तीच जागा पुढे करकरते.

नंतर शीट आडवी टाकून बोटांच्या पेरांनी ठोकत जा. आवाज बदलून भोंगळ झाला तर तिथं पोकळी आहे किंवा थर सुटला आहे. व्हर्नियर कॅलिपरने चारही कोपऱ्यांची जाडी घ्या. 18 म्हणून विकलेली शीट 17 किंवा 17.5 भरू शकते. ती सगळीकडे सारखी असेल तर चालेल, पण एक शीट 17 आणि शेजारची 18 अशी आली तर सांध्यावर पायरी तयार होईल. म्हणून सगळ्या शीट एकाच लॉटमधल्या घ्या.

गोंदाची रेघ गडद लालसर-काळी असली तर ती फिनॉलची खूण मानतात, पण गोंदात रंग मिसळूनही रेघ गडद करता येते. खात्री हवी असेल तर हाताच्या पंजाएवढा तुकडा दोन-तीन तास उकळा. एमआरचे थर सुटू लागतात. बीडब्ल्यूआरचे फुगतात, पण चिकटलेले राहतात.

ब्लॉकबोर्ड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड या कामाला नकोत. ब्लॉकबोर्डच्या गाभ्यातल्या पट्ट्या एकाच दिशेने जातात आणि मधल्या फटींवर भार पेलत नाहीत. वापरलेलं शटरिंग प्लायही (काँक्रीट ओतायच्या साच्याचं) नको, कारण त्यावरच्या फिल्मला चिकटवणी नीट धरत नाही आणि ते किती वेळा भिजलं आहे त्याचा हिशेब नसतो. ओएसबी, म्हणजे लाकडाच्या चपट्या कपच्या दाबून केलेला बोर्ड, चालतं, पण एकदा भिजलं की त्याच्या कडा फुगतात आणि पूर्ववत बसत नाहीत.

किती शीट लागतील

क्षेत्रफळाला 32 ने, म्हणजे एका शीटच्या चौरस फुटांनी, भागून मोकळं होऊ नका, कागदावर मांडणी काढा. 12 × 10 फुटांची खोली घ्या, 8 × 4 फुटांची शीट, कड्या 10 फुटांच्या दिशेने आणि 16 इंचांवर. शीटची लांबी 12 फुटांच्या दिशेने, म्हणजे कड्यांना आडवी. पहिल्या ओळीत एक पूर्ण शीट आणि 4 फुटांचा तुकडा. दुसऱ्या ओळीत आधी उरलेला 4 फुटांचा तुकडा, मग पूर्ण शीट. राहिलेल्या 2 फूट रुंद ओळीसाठी चौथी शीट उभी चिरायची, 8 फुटांची पट्टी आधी, 4 फुटांची नंतर. सांधे एकाआड एक 8 आणि 4 फुटांवर येतात आणि दोन्ही कडीवरच पडतात. चार शीटमध्ये काम होतं, पण एक कापणं चुकलं तर अडेल, पाच आणा. 18 मिमीची शीट 32 ते 37 किलोची असते, जिन्यावरून चढवायला दोन माणसं धरा.

शीट उभी की आडवी, हे सोयीवर सोडू नका. चेहऱ्यावरच्या रेषा कड्यांना काटकोनात हव्यात आणि प्रत्येक तुकडा किमान तीन कड्यांवर टेकलेला हवा. कड्यांच्या दिशेने टाकलेली शीट तेवढ्याच भाराला बरीच जास्त वाकते.

बसवताना

शीट आणल्यावर त्याच खोलीत मध्ये पट्ट्या घालून दोन-तीन दिवस ठेवा, म्हणजे खोलीच्या आर्द्रतेशी जुळवून घेतील. भिंतीला उभ्या टेकवून ठेवल्या तर पोट येतं.

कडीवर पॉलियुरेथेन चिकटवणीची 6 मिमी जाड रेघ ओढा. जिथं दोन शीट मिळतात तिथं दोन रेघा. एका शीटपुरतीच लावा, साय धरल्यावर ती पकडत नाही. मग 8 नंबरचे 50 मिमी स्क्रू: शीटच्या टोकांना दर 150 मिमीवर, मधल्या कड्यांवर दर 300 मिमीवर, कडेपासून 10 मिमी आत. वरच्या मांडणीत एका पूर्ण शीटला साधारण 43 स्क्रू बसतात, म्हणून खोलीसाठी 200 आणा. जिप्सम बोर्डचे काळे स्क्रू वापरू नका. ते ठिसूळ असतात आणि लाकूड हललं की डोकं तुटतं. नुसत्या खिळ्यांवरही भागवू नका, कारण लाकूड आकसल्यावर प्लाय खिळ्यावर वर-खाली सरकतं, आणि करकर म्हणतात ती हीच.

दोन शीटमध्ये 3 मिमी आणि भिंतीपाशी 10 मिमी फट ठेवा. एका खिळ्याची जाडी माप म्हणून मध्ये धरली की 3 मिमी सारखं राहतं. फट न ठेवता घट्ट ठोकलेल्या शीट दमट हवेत फुगून सांध्यावर डोंगर करतात. लांब कडांना खाच-जीभ नसेल तर त्या सांध्याखाली दोन कड्यांमध्ये आडवे ठोकळे बसवा, नाहीतर पाय पडला की एक कड खाली जाते आणि दुसरी तिथंच राहते.

खाली काँक्रीट असेल तर आधी ओल तपासा. 45 सेमी चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने बंद करून 24 तास ठेवा. खाली थेंब किंवा गडद डाग आला तर थांबा. नवं काँक्रीट 28 दिवसांत मजबुती मिळवतं, पण वाळायला त्याहून बराच वेळ घेतं. जाडीच्या दर 25 मिमीला साधारण एक महिना धरतात. मग 0.15 मिमीचं पॉलिथिन, सांध्यावर 150 मिमी चढवून, त्यावर बॅटन, म्हणजे आधाराच्या लाकडी पट्ट्या, आणि प्लाय.

वर व्हिनाइल येणार असेल तर पोकळी नसलेलं 6 मिमी प्लाय आणखी एक थर म्हणून टाका, त्याचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. इथं टाचण्या (स्टेपल) दाट लागतात: कडेला 75 मिमीवर, मध्ये 150 मिमीवर. चेहऱ्याची प्रत बघायची ती या एका थराची.

लाकडी फळ्या टाकण्याआधी ओलावा मोजणारं मीटर प्लायवर आणि फळीवर लावा. 3 इंचांपेक्षा अरुंद फळ्यांसाठी दोन्हींमधला फरक 4 टक्क्यांच्या आत हवा, रुंद फळ्यांसाठी 2 टक्क्यांच्या. जास्त निघाला तर फळ्या खोलीत उघड्या पसरून ठेवा आणि दोन दिवसांनी पुन्हा मोजा.