पुठ्ठ्याच्या खिडकीतून राजवाडा : चित्ररचना कशी शिकावी

चित्ररचना, म्हणजे चौकटीत काय आणि कोठे ठेवावे हे, शिकू इच्छिणाऱ्याला कॅमेऱ्यापेक्षा एखाद्या जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद सुरुवातीला अधिक उपयोगी पडतो. त्यात ९ सेंटीमीटर लांब आणि ६ सेंटीमीटर रुंद अशी खिडकी कापावी. ३:२ हे प्रमाण बहुतेक डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या चौकटीचे आहे. मोबाइलच्या ४:३ प्रमाणात काम करायचे असल्यास ८ बाय ६ ची कापावी. एक डोळा मिटून ही खिडकी दुसऱ्या डोळ्यासमोर धरली आणि हळूहळू पुढे नेली, की दृश्य आवळत जाते. इंदूरकरांनी या अभ्यासासाठी सकाळी, पोहे-जलेबी आटोपून, शहरातील होळकरांच्या जुन्या राजवाड्यासमोर उभे राहावे.

आता राजवाड्याकडे पाहण्याचा मोह आवरावा आणि आधी खिडकीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवावी. रचना बिघडते ती बहुधा कडांपाशी: अर्धी कापली गेलेली स्कूटर, कोपऱ्यातून आत घुसलेली तार, फलकाचे एखादे पिवळे टोक. माझ्या पहिल्या छायाचित्रात राजवाड्याच्या माथ्यातून दिव्याचा खांब उगवला होता आणि घरी येईपर्यंत तो मला दिसलाही नव्हता. नको असलेली वस्तू आढळल्यास खिडकी वाकडी करू नये, स्वतः दोन पावले सरकावे.

यानंतरचा भाग सर्वांत कष्टाचा आणि, माझ्या मते, सर्वांत महत्त्वाचा आहे. डोळे किलकिले करून दृश्याकडे पाहिले, की तपशील विरघळतात आणि केवळ गडद, मध्यम व फिकट असे तीन प्रकारचे आकार उरतात. वहीत काडेपेटीएवढ्या पाच चौकटी आखून प्रत्येकीत हेच आकार ६बी या मऊ, गडद पेन्सिलीने भरावेत. खिडक्या, कमानी, माणसे यांपैकी काहीही काढू नये आणि एका चौकटीला दोन मिनिटांपेक्षा अधिक वेळ देऊ नये. अशा वेळी दृश्यातील वजन कळू लागते. सात मजली राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत, म्हणजे वास्तूनेच जड भाग तळाशी ठेवला आहे. चौकटीत तळ कापून टाकला, तर वरचे मजले अधांतरी वाटतात. मोठ्या आकाराचा तोल तेवढ्याच मोठ्या आकाराने साधावा लागतो, असेही नाही. तराजूच्या लांब दांडीवर दूर सरकवलेले लहान वजन जसे पुरते, तसा कडेजवळचा एकच गडद ठिपका, उदाहरणार्थ सावलीत बसलेला माणूस, मध्याजवळच्या फिकट भिंतीला तोलून धरतो.

घरी हाच अभ्यास छापील चित्रांवर करावा. दत्तात्रेय दामोदर देवळालीकर यांच्या इंदूरच्या चित्रशाळेत चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे शिकले. बेंद्र्यांच्या एखाद्या चित्राची प्रत उलटी धरून तिची वजने काडेपेटीएवढ्या चौकटीत उतरवून पाहावीत. उलट्या चित्रात विषय ओळखू येत नाही, त्यामुळे लक्ष रचनेवरच राहते.

मोबाइलच्या पडद्यावरील ग्रिड, म्हणजे चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन समान भाग पाडणाऱ्या रेषा, यानंतरच सुरू करावी. तृतीयांशाचा नियम १७९७ साली जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज खोदचित्रकाराने निसर्गचित्राच्या संदर्भात मांडला. समसमान वाटण्या न करता एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश अशा कराव्यात, हा त्याचा आशय होता. क्षितिज कोठे ठेवावे, याचा निर्णय त्याने सोपा होतो. मात्र राजवाड्याच्या दर्शनी भागासारखी सममित वास्तू तृतीयांशावर सरकवली, तर ती चुकून बाजूला गेल्यासारखी दिसते. तेथे दरवाजाच्या नेमक्या समोर उभे राहावे, कारण अर्ध्या पावलाची चूकही डोळ्याला खुपते.

वास्तू पूर्ण मावत नाही म्हणून मोबाइल वर तिरका केला, की उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि इमारत मागे कलते. त्याऐवजी मागे सरकावे, मोबाइल सरळ उभा धरावा आणि खाली आलेली जास्तीची जमीन नंतर कापावी. ती कापताना पुन्हा चारही कडा तपासाव्यात; गर्दीतील एखाद्याचे पाऊल तेवढे उरलेले असते.

आठवडाभर एवढे जमले, की तीच खिडकी घेऊन कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांकडे, म्हणजे होळकरांच्या स्मारक-वास्तूंकडे, जावे. तेथे शिखरांची उंची आणि त्यांमधली आकाशाची फट या दोहोंचा तोल पाहायचा असतो, म्हणून पहिल्या पाच चौकटींत छत्र्या कोऱ्या सोडून केवळ आकाशाचा आकार काळा करावा.