आयटीत यायचंय? मग क्लास शोधायच्या आधी डेअरीची वही उघडा

परवा मावसभावाचा फोन आला, "दादा, मला पण आयटीत यायचंय, कुठला क्लास लावू?" बीएस्सी केमिस्ट्री झालंय त्याचं, घरी काकांचं दूध संकलन केंद्र आहे, आणि कुणीतरी त्याला सांगितलंय की पुण्यात सहा महिने काढले की पॅकेज मिळतं. हा प्रश्न वर्षातनं दहा-बारा जण विचारतात मला, दरवेळी फोनवर तासभर बोलतो आणि दरवेळी निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतोय.

मी स्वतः मेकॅनिकलवाला. कराडच्या बाजूचं गाव, दीड वर्ष एका कारखान्यात शिफ्टा केल्या आणि मग इकडे वळलो, आता दहा वर्षं होतील. वळताना पहिली चूक केली ती क्लासची. पस्तीस हजार भरले, "शंभर टक्के प्लेसमेंट" असं बोर्डावर लिहिलेलं, शिकवायला जो मुलगा होता तो आमच्या आधीच्याच बॅचचा, आणि प्लेसमेंट म्हणजे काय तर एका कॉल सेंटरचा इंटरव्ह्यू. क्लास सगळेच वाईट असतात असं नाही म्हणत मी, पण आपल्याला काय येत नाही हेच माहीत नसताना क्लास लावला की पैसे जातातच.

आधी तीन महिने घरीच

लॅपटॉप नवाच पाहिजे असं काही नाही. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला सेकंडहँड लॅपटॉप, कंपन्यांमधनं निघालेले मिळतात बाजारात, तो पुरतो. विंडोज रडत असेल तर उबंटू (विंडोजच्या जागी चालणारी लिनक्सची एक जात) टाका, फुकट आहे, आणि टाकताना जी डोकेफोड होते ना तोच पहिला धडा समजा. एमएस-सीआयटी झालंय म्हणून कॉम्प्युटर येतो असं घरचे म्हणतात, म्हणू दे, त्यात टायपिंग आणि एक्सेलची भीती गेली असेल तर तेवढा फायदा धरा, पण प्रोग्रामिंग वेगळं.

भाषा कुठली, यावर लोक भांडतात उगाच. पायथन घ्या. १९९१ पासून आहे, वाचायला सोपी आहे, आणि पहिल्या भाषेत तुम्ही खरंतर भाषा शिकत नसता, एखादं काम बारीक बारीक पायऱ्यांत कसं मोडायचं ते शिकत असता. पुढे नोकरीला जावा लागली तर जावा शिकता येते, दुसरी भाषा पहिलीच्या पाव वेळात येते.

शिकायला फुकटात एवढं पडलंय की तोच प्रॉब्लेम झालाय. हार्वर्डचा सीएस-५० (कॉम्प्युटरचा पायाभूत कोर्स) आहे, आयआयटीवाल्यांचं एनपीटीईएल आहे (शिकायला पैसे नाहीत, सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची असेल तर फी), फ्रीकोडकॅम्प आहे. यातला एक घ्या. एकच. मावसभावाच्या फोनमध्ये मी बघितलं तर चौदा प्लेलिस्ट सेव्ह केलेल्या आणि एकाही प्लेलिस्टचा पाचवा व्हिडिओ बघितलेला नाही, हे सगळ्यांचंच होतं, कारण पाचव्या व्हिडिओपासनं अवघड सुरू होतं आणि नवीन प्लेलिस्ट परत सोप्यापासनं सुरू होते. आणि बघताना हात कीबोर्डवर पाहिजेत, पोहण्याचे व्हिडिओ बघून कुणी विहिरीत उडी मारत नाही.

एरर आली की घाबरून खिडकी बंद करू नका, वाचा. पायथनची लाल ओळींची चळत येते तेव्हा सगळ्यात खालची ओळ आधी वाचायची, काय झालंय ते तिथे असतं, आणि तिच्या वर कुठल्या फाईलच्या कितव्या ओळीला झालं ते. नव्या पोरांना हे एवढं एक शिकवलं तरी निम्मे प्रश्न मला विचारायच्या आतच सुटतात.

आता चॅटजीपीटीचं. २०२२ च्या शेवटी आलं आणि तेव्हापासनं सगळे विचारतात की आता शिकून तरी काय उपयोग. मी रोज वापरतो, नाकारत नाही. पण पहिले सहा महिने त्याच्याकडनं कोड लिहून घेऊ नका. एरर समजावून घ्या, "माझा हा कोड कुठे चुकतोय, उत्तर देऊ नको, फक्त इशारा दे" असं विचारा, ते चालतं. त्याने लिहिलेलं चूक की बरोबर हे ओळखायला आधी स्वतःचं शंभरदा चुकलेलं असावं लागतं.

आणि मग डेअरीची वही

तीन महिन्यांनी सगळे काय बनवतात? टू-डू लिस्ट, नाहीतर कॅल्क्युलेटर. इंटरव्ह्यू घेणाऱ्याने असली हजार कॅल्क्युलेटर बघितलेली असतात. मी मावसभावाला म्हटलं, काकांची वही आण.

दूध संकलनाचा हिशोब ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीय. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, प्रत्येकाचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) लिहायचं, दरपत्रक बघून दर लावायचा, दहा दिवसांनी बिल काढायचं, त्यातनं पशुखाद्याचे पैसे आणि घेतलेली उचल वजा करायची आणि हातात काय ते द्यायचं. काका हे सगळं रात्री बसून कॅल्क्युलेटरवर करायचे. म्हणजे प्रोजेक्ट घरात पडलेला होता आणि आमचा भाऊ युट्यूबवर "टॉप टेन प्रोजेक्ट्स" शोधत होता.

पहिल्या आठवड्यात त्याने साधा प्रोग्राम लिहिला, लिटर गुणिले दर, बेरीज, झालं. मग एका शेतकऱ्याच्या बिलात ३ रुपयांचा फरक यायला लागला. वहीत एक, प्रोग्राममध्ये दुसरंच. मी लगेच शहाणपणा केला, म्हटलं दशांशाचा घोळ असणार, पायथनला ०.१ अधिक ०.२ विचार, तो ०.३ नाही सांगत, ०.३०००००००००००००००४ सांगतो, कारण आत सगळं दोनच्या हिशोबात साठवलेलं असतं आणि तिथे ०.१ पूर्ण बसतच नाही, म्हणून पैशाचा हिशोब कधी दशांशात ठेवायचा नाही, पैशात पूर्णांक ठेवायचा. हे सगळं खरं आहे आणि तुम्हीही लक्षात ठेवा, पण फरक तरी गेला नाही.

शेवटी काकांना विचारलं. काका म्हणाले, "अरे, मी दर वेळच्या दुधाचा रुपया पूर्ण करतो की, पन्नास पैशाच्या वर असलं तर वरचा रुपया, नाहीतर खालचा." म्हणजे दहा दिवसांत वीस वेळा रुपया पूर्ण होत होता आणि आमचा प्रोग्राम शेवटी एकदाच करत होता. कोड बरोबरच होता, आम्ही काकांना विचारलंच नव्हतं. आता कंपनीत बसून मी जेवढे बग (प्रोग्राममधल्या चुका) बघतो ना, त्यातले कितीतरी याच जातीचे असतात, वापरणाऱ्याला नक्की काय हवंय ते विचारायचं राहिलेलं असतं, तिथे त्याला फक्त रिक्वायरमेंट म्हणतात.

दुसरी गंमत बिल छापताना. नावांचा रकाना सरळ येईना, कुणाचा आकडा पुढे कुणाचा मागे. इंग्रजीत नावं टाकली की सरळ, मराठीत टाकली की वाकडं. पायथनला "ज्ञानेश्वर" ची लांबी विचारली, आपल्या डोळ्याला अक्षरं चार, त्याने सांगितली १०. कारण युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना नंबर देणारी पद्धत) ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, परत हलन्त, व, र असे सगळे सुटे मोजले जातात, आणि यूटीएफ-८ मध्ये (ते नंबर फाईलमध्ये साठवायची नेहमीची रीत) फाईल सेव्ह केली तर प्रत्येकाला ३ बाईट, म्हणजे एकटे ज्ञानेश्वर ३० बाईटचे. हे भावाला कुठल्याच व्हिडिओत सापडलं नव्हतं, आणि मला पण नोकरीत पाच वर्षं होईपर्यंत नीट कळलेलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

हाच प्रोजेक्ट वाढवत न्या. आधी माहिती साध्या फाईलमध्ये ठेवा, मग एसक्यूएलाइटमध्ये (तुमच्या खिशातल्या फोनमध्ये पण तोच डेटाबेस असतो), म्हणजे एसक्यूएल (डेटाबेसकडून माहिती मागायची भाषा) आपोआप शिकाल: शेतकऱ्यांचं एक टेबल, दुधाचं एक, उचलीचं एक, आणि बिल काढताना तिन्ही जोडायची, हाच तो जॉइन ज्याच्यावर इंटरव्ह्यूत प्रश्न असतो. संध्याकाळचं दूध आलंच नाही तर शून्य लिहायचं की रिकामं ठेवायचं? सरासरी फॅट काढताना फरक पडतो, करून बघा. मग त्याला ब्राउझरमध्ये दिसेल असं पान करा. आणि पहिल्या दिवसापासून गिट (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन) वापरा, लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली बनवलेलं आहे आणि जवळपास प्रत्येक कंपनीत तेच चालतं. "फायनल", "फायनल-२", "फायनल-खरंच" अशा फोल्डरांची गरज उरत नाही. गिटहबवर (कोड इंटरनेटवर ठेवायची साईट) टाकताना मात्र शेतकऱ्यांची खरी नावं आणि खाते नंबर टाकू नका हां, भावाने टाकलेले, रात्री अकराला फोन करून काढायला लावले, आणि गिटमध्ये जुनं सगळं इतिहासात राहतं म्हणून नुसती फाईल डिलीट करून भागलं नाही, आख्खी रिपॉझिटरीच (इतिहासासकट प्रोजेक्टचं फोल्डर) उडवून नवीन करावी लागली.

डेअरी नसेल तर किराणा दुकानाची उधारी, भिशी, मंडळाची वर्गणी, ट्रॅक्टरच्या भाड्याची वही, काहीही. फक्त वापरणारा माणूस खरा पाहिजे, जो चुकल्यावर शिव्या घालेल.

आता क्लास लावायचाच असेल तर

एवढं झाल्यावर लावा हवा तर, आता तुम्हाला शिकवणारा कच्चा आहे की पक्का हे पहिल्या डेमोलाच कळेल. सीडॅकचा विचार जरूर करा. १९८८ साली पुण्यात सुरू झालेली सरकारी संस्था, परम सुपरकॉम्प्युटर बनवणारे तेच. त्यांचा पीजी-डॅक कोर्स साधारण सहा महिन्यांचा, त्याला सी-कॅट नावाची प्रवेश परीक्षा असते, सकाळपासून रात्रीपर्यंत लॅब, तेल निघतं अक्षरशः. पात्रता आणि फी त्यांच्या साईटवरच बघा, एजंटकडनं ऐकू नका. इंजिनिअरिंग नसलेल्या पोरांनी एमसीएचा (कॉम्प्युटरमधली मास्टर्स डिग्री) पण विचार करावा, दोन वर्षं जातात पण कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांची "डिग्री कुठली" ही चाळणी पार होते, आणि ही चाळणी आहे, कुणी कितीही म्हणू दे की स्किल बघतात.

इंटरव्ह्यू

फ्रेशरला ॲप्टिट्यूड असतंच, काळ-काम-वेग, शेकडेवारी, आपली स्कॉलरशिपची परीक्षा मोठी झाली असं समजा. त्यात उडणारी पोरं कोडिंगपर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे रोज अर्धा तास.

मी घेतो तेव्हा एक साधा प्रश्न विचारतो, यादीतला दुसऱ्या नंबरचा मोठा आकडा काढा. बहुतेक जण यादी क्रमाने लावतात आणि शेवटून दुसरा उचलतात. मग मी विचारतो, सगळ्यात मोठा आकडाच दोनदा आला तर? यादीत एकच आकडा असेल तर? सगळे उणे असतील तर? यादी न लावता एकाच फेरीत जमेल का? उत्तर आलं नाही तरी चालतं मला, पण जो मुलगा "थांबा सर, मला आधी हे विचारायचंय की…" असं म्हणतो ना, त्याच्याकडे मी नीट बघायला लागतो.

इंग्रजीची भीती आपल्याकडे सगळ्यात मोठी. भावाला मी सांगितलं, तुझा प्रोजेक्ट आधी मावशीला मराठीत समजाव. तिला कळला तर तुला कळलाय. मग तेच साध्या इंग्रजीत, छोटी छोटी वाक्यं, फोनवर रेकॉर्ड करून ऐक. अडखळलं तरी हरकत नाही, पाठ केलेलं "मायसेल्फ अमुक अमुक" मात्र नको, पुढच्याला लगेच कळतं.

जिथे लोक फसतात

नोकरीसाठी पैसे मागितले की फोन ठेवायचा. डिपॉझिट, ट्रेनिंग फी, लॅपटॉपची सिक्युरिटी, नाव काहीही असू दे. खोटा अनुभव विकणारे पण आहेत, दोन वर्षांची सॅलरी स्लिप बनवून देतात. आता पीएफचा यूएएन नंबर असतो, कंपनी तिथे बघते की खरंच कुणी तुमचा पीएफ भरला होता का, आणि नसेल तर जॉइन झाल्यावरसुद्धा काढतात.

पहिल्या पगाराचं पण गणित करून या. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांचं फ्रेशरचं पॅकेज कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतंय, हातात येतं त्याहून कमी, आणि हिंजवडीत कॉट बेसिस, मेस आणि येण्याजाण्याचा खर्च धरला की गावाकडे पाठवायला फार उरत नाही पहिल्या वर्षी. घरी आधीच सांगून ठेवा, म्हणजे दिवाळीला सोन्याच्या गोष्टी निघणार नाहीत.

आणि बाँड. सही करायच्या आधी किती महिने, मध्ये सोडलं तर किती भरायचे हे आकड्यात वाचा. ओरिजिनल मार्कशीट कुणी ठेवून घेतो म्हणालं तर देऊ नका, दाखवा, झेरॉक्स द्या आणि ओरिजिनल बॅगेत घालून परत आणा. माझ्या रूममेटची दीड वर्ष अडकली होती, दुसरी ऑफर हातात असून जाता आलं नाही.

मावसभावाचं सध्या काय चाललंय विचाराल तर काका आता रात्री वही घेऊन बसत नाहीत, पण शेजारच्या गावातल्या केंद्रवाल्याने तोच प्रोग्राम मागितलाय आणि त्याचं दरपत्रक वेगळं आहे, त्यामुळे भाऊ गेले चार दिवस सगळे दर कोडमधनं उपटून टेबलात टाकत बसलाय.